इमारतीच्या मॉडेलमध्ये फर्निचर व इतर वस्तू बसवताना: तयारी, टप्पे आणि वारंवार होणाऱ्या चुका

भिंती, मजले आणि दारे-खिडक्या व्यवस्थित उभ्या झालेल्या संगणकावरील मॉडेलमध्ये फर्निचर आणायला सुरुवात झाली की बहुतेक ठिकाणी सारख्याच तक्रारी ऐकू येतात. फाइल उघडायला वेळ लागू लागतो, प्लॅनमध्ये ठेवलेले कपाट दिसत नाही, खुर्च्या फरशीत रुतलेल्या निघतात आणि शेवटी वस्तूंची मोजणी काढली की आकडा प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंशी जुळत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते: वस्तू ज्या रूपात मिळाली त्याच रूपात ती थेट प्रकल्पाच्या फाइलमध्ये टाकली गेलेली असते. खरे काम त्याआधी, एका रिकाम्या फाइलमध्ये करायचे असते, आणि ते नीट झाले असेल तर प्रकल्पात वस्तू ठेवायला फारसा वेळ लागत नाही.

पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. वस्तूला रेव्हिटमध्ये फॅमिली, स्केचअपमध्ये कंपोनंट, आर्किकॅडमध्ये ऑब्जेक्ट आणि ऑटोकॅडमध्ये ब्लॉक म्हणतात. नावे वेगळी असली तरी कामाचा क्रम चारही ठिकाणी सारखाच राहतो; जिथे एखाद्या सॉफ्टवेअरची वागणूक वेगळी आहे, तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १ : कोणती वस्तू कशासाठी हवी, ते आधी लिहून काढा

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एक साधी यादी करावी. प्रत्येक खोलीपुढे तिथे येणाऱ्या वस्तू लिहाव्यात आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा उपयोग लिहावा. उपयोग साधारणपणे तीन प्रकारचे असतात. काही वस्तू केवळ जागा पुरते की नाही हे पाहण्यासाठी असतात, काहींची मोजणी करून खरेदीची यादी काढायची असते, आणि काही फक्त चित्रात, म्हणजे रेंडरमध्ये, दिसण्यासाठी असतात. एकाच वस्तूचे दोन उपयोग असू शकतात, पण मुख्य उपयोग कोणता हे ठरल्याशिवाय ती किती तपशिलाची असावी हे ठरवता येत नाही.

जागा तपासण्यासाठी ठेवलेल्या पलंगाला योग्य लांबी, रुंदी आणि उंचीचा साधा ठोकळा पुरतो. मोजणीत येणाऱ्या टेबलाला साधा आकार चालतो, पण त्याच्याशी जोडलेली माहिती अचूक लागते. उशा, घड्या पडलेली चादर, फुलदाणी किंवा पुस्तकांची चवड या गोष्टी केवळ चित्रासाठी असतात. त्या मुख्य मॉडेलमध्ये आणूच नयेत, रेंडरसाठी मॉडेलची जी वेगळी प्रत किंवा जोडलेली फाइल असेल तिच्यात ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. बांधकामाचे नकाशे ज्या फाइलमधून निघतात तिच्यात सजावटीच्या वस्तू मिसळल्या की पुढे त्या वेगळ्या काढण्यात मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो.

भिंतीत किंवा ओट्याखाली कायम बसणाऱ्या वस्तू आणि हलवता येणाऱ्या वस्तू यांची यादीही इथेच वेगळी करावी. या फरकाचा परिणाम पुढे वर्ग, आधार आणि मोजणी या तिन्ही गोष्टींवर होतो.

## टप्पा २ : प्रकल्पाची फाइल वस्तू स्वीकारण्यासाठी तयार करा

प्रकल्पाची एकके तपासावीत आणि ती मिलिमीटरमध्ये आहेत की इंचांत, हे यादीच्या वरच लिहून ठेवावे. त्यानंतर प्रत्येक मजल्याची लेव्हल, म्हणजे उंची मोजण्याची संदर्भ-पातळी, नेमकी कुठे धरली आहे ते पाहावे. काही जण लेव्हल स्लॅबच्या माथ्यावर धरतात, काही जण फरशीच्या तयार पृष्ठावर. लेव्हल स्लॅबच्या माथ्यावर असेल आणि वर ५० मिलिमीटर जाडीचा फरशीचा थर असेल, तर लेव्हलवर ठेवलेली प्रत्येक वस्तू ५० मिलिमीटर फरशीत जाईल. प्लॅनमध्ये हे कधीच दिसत नाही, सेक्शन, म्हणजे उभा छेद, कापल्यावरच लक्षात येते, आणि तोपर्यंत शेकडो वस्तू ठेवून झालेल्या असतात. म्हणून फरशीच्या थराची जाडी आत्ताच नोंदवावी आणि वस्तूंना तेवढा ऑफसेट द्यायचा, म्हणजे त्या तेवढ्या वर उचलायच्या, की लेव्हलच बदलायची, हा निर्णय काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा.

यानंतर वस्तूंसाठी लेयर, टॅग किंवा वर्कसेट, म्हणजे वस्तू गटाने दाखवता-लपवता येतील असे विभाग, तयार करावेत. स्थिर फर्निचर, हलते फर्निचर, स्वच्छतागृहातील साधने, दिवे आणि उपकरणे असे पाच गट बहुतेक इमारतींना पुरतात. यापेक्षा बारीक विभागणी केली तर चौथ्या दिवसापासून ती कोणी पाळत नाही.

शेवटी लायब्ररीसाठी एकच सामायिक फोल्डर ठरवावे. आर्किकॅडमध्ये याला विशेष महत्त्व आहे, कारण जोडलेली लायब्ररी सापडली नाही तर तिच्यातील ऑब्जेक्टच्या जागी प्लॅनमध्ये केवळ ठिपका उरतो. फोल्डरचे नाव बदलले किंवा ते दुसऱ्या ड्राइव्हवर गेले एवढ्यानेही हे घडते.

तपासणी : पुढे जाण्यापूर्वी प्रकल्पाच्या फाइलची वेगळ्या नावाने एक प्रत जतन करा आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये लिहून ठेवा. नंतर फाइल जड झाली तर ती कोणत्या वस्तूमुळे झाली, हे शोधायला हाच आकडा उपयोगी पडतो.

## टप्पा ३ : वस्तू निवडा

वस्तू तीन ठिकाणांहून येते: सॉफ्टवेअरसोबत मिळालेल्या लायब्ररीतून, इंटरनेटवरून उतरवून घेऊन किंवा स्वतः तयार करून. सुरुवात नेहमी सोबतच्या लायब्ररीपासून करावी. तिथल्या वस्तू दिसायला साध्या असतात, पण त्यांचा वर्ग (सॉफ्टवेअर वस्तूला कोणत्या प्रकारात धरते ती नोंद), इन्सर्शन पॉइंट (वस्तू ज्या बिंदूला धरून ठेवली जाते तो) आणि प्लॅनमधील चिन्ह सहसा बरोबर असते, आणि नेमके हेच तीन घटक उतरवलेल्या वस्तूंमध्ये बिघडलेले सापडतात.

वस्तू उतरवून घेताना ती कोणत्या आवृत्तीत तयार झाली आहे ते पाहावे. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फॅमिली जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि नव्या आवृत्तीतून जुन्या आवृत्तीसाठी जतन करण्याची सोय रेव्हिटमध्ये नाही. त्यामुळे संघातील सर्व जण एकच आवृत्ती वापरत नसतील, तर लायब्ररीतील मूळ फॅमिली सर्वांत जुन्या आवृत्तीतच सांभाळावी.

फर्निचरच्या उत्पादकांनी दिलेली मॉडेल घेताना विशेष काळजी हवी. ती अनेकदा कारखान्यातील उत्पादनासाठी तयार केलेल्या मॉडेलवरून काढलेली असतात आणि त्यांच्यात आतले स्क्रू, बिजागऱ्या, स्प्रिंग असे सर्व भाग असतात. इमारतीच्या मॉडेलमध्ये या भागांचा काहीही उपयोग नसतो. अशा वस्तूचे बाह्य माप घेऊन तिच्या आधारे साधी वस्तू स्वतः तयार करणे हे बहुतेक वेळा ती वस्तू साफ करत बसण्यापेक्षा लवकर होते.

सावधान : रेव्हिटमध्ये प्रकल्पाच्या आतच तयार केलेली इन-प्लेस फॅमिली हलत्या फर्निचरसाठी वापरू नये. तिची प्रत केली की प्रत्येक प्रत सॉफ्टवेअरच्या दृष्टीने वेगळी फॅमिली ठरते. परिणामी एका खुर्चीत केलेला बदल दुसऱ्या खुर्चीत जात नाही आणि फाइलही वाढत जाते.

## टप्पा ४ : रिकाम्या फाइलमध्ये वस्तूची पूर्ण तपासणी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नवी, रिकामी फाइल उघडावी, त्यात फक्त ती एक वस्तू आणावी आणि पुढील पाच गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. आधी माप पाहायचे आणि नंतर वजन, कारण वस्तू चुकीच्या मापात असताना तिचा आकार साधा करण्याचा प्रयत्न केला, तर बारीक कडा नीट जुळत नाहीत. स्केचअपमध्ये तर साधारण १ मिलिमीटरपेक्षा लहान कडा असतील तिथे पृष्ठे, म्हणजे ज्यांनी वस्तूचा आकार बनतो ते सपाट तुकडे, तयार होताना गाळली जातात आणि भोके पडतात.

माप. वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची मोजावी व ती प्रत्यक्षातील वस्तूशी ताडून पाहावी. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण ७२० ते ७६० मिलिमीटर असते, खुर्चीच्या बैठकीची ४५० मिलिमीटरच्या आसपास आणि कपडे टांगण्याच्या कपाटाची खोली सुमारे ६०० मिलिमीटर. माप २५.४ पटीने चुकलेले असेल तर इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत झालेली असते, ३०४.८ पटीने चुकले असेल तर फूट आणि मिलिमीटर यांची. आणि १००० पटीने चुकले असेल तर मीटर व मिलिमीटर यांची. अशा वेळी अंदाजाने ओढून आकार कमी-जास्त न करता नेमक्या त्या गुणकाने भागावे किंवा गुणावे. स्केचअपमध्ये कंपोनंटच्या आत जाऊन टेप मेजरने एक ज्ञात लांबी मोजावी आणि हवे ते माप टंकावे. सॉफ्टवेअर त्या कंपोनंटचा आकार बदलायचा का असे विचारते. हे कंपोनंटच्या बाहेर राहून केले तर प्रश्न संपूर्ण मॉडेलचा आकार बदलण्याबद्दल असतो, आणि घाईत होकार दिला गेला की भिंतींसह सगळेच बदलते. ऑटोकॅडमध्ये ब्लॉकच्या फाइलमधील एककाची नोंद आणि प्रकल्पाच्या फाइलमधील नोंद या दोन्ही पाहाव्या लागतात, कारण ब्लॉक आत घेताना किती पटीने बदलायचा हे या दोन नोंदींवरून ठरते.

इन्सर्शन पॉइंट. वस्तू ज्या बिंदूला धरून मॉडेलमध्ये उतरते, तो बिंदू कुठे आहे ते पाहावे. खुर्ची किंवा गोल टेबल असेल तर तो तळाच्या मध्यभागी असावा. भिंतीला टेकणारे कपाट, पलंग किंवा वॉश बेसिन असेल तर तो मागच्या कडेच्या मध्यावर, तळाच्या पातळीवर असावा. उतरवलेल्या वस्तूंमध्ये हा बिंदू कधी वस्तूपासून काही मीटर दूर निघतो आणि ठेवताना वस्तू कर्सरपासून लांब कुठेतरी उमटते. स्केचअपमध्ये कंपोनंटचे अक्ष बदलून, ऑटोकॅडमध्ये ब्लॉकचा बेस पॉइंट बदलून आणि रेव्हिटमध्ये ज्या दोन संदर्भ-प्रतलांवर ओरिजिन ठरवले आहे ती प्रतले निवडून हे दुरुस्त होते. तळाची पातळी शून्यावर आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

वजन. येथे वजन म्हणजे पृष्ठांची संख्या आणि टेक्स्चरचा, म्हणजे पृष्ठावर चिकटवलेल्या चित्राचा, आकार. साधी खुर्ची काही शे पृष्ठांत नीट उभी राहते. समजा, उतरवलेल्या खुर्चीत ६०,००० पृष्ठे आहेत आणि सभागृहात अशा १२० खुर्च्या ठेवायच्या आहेत, तर पडद्यावर ७२ लाख पृष्ठे काढावी लागतील. कंपोनंट किंवा फॅमिली वापरल्यामुळे फाइलचा आकार तेवढ्या पटीने वाढत नाही हे खरे आहे, पण दृश्य फिरवताना ग्राफिक्स कार्डाला ती सगळी पृष्ठे काढावीच लागतात, म्हणून फाइल लहान असूनही मॉडेल अडखळते. गोल भागांकडे आधी पाहावे: स्केचअपमध्ये वर्तुळ मुळात २४ बाजूंचे निघते, आणि खुर्चीच्या बारीक पायासाठी ८ किंवा १२ बाजू पुरेशा असतात. शिवण, गोलाई दिलेल्या कडा आणि हँडलवरील नक्षी ही यानंतर काढण्याची ठिकाणे.

टेक्स्चरची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक बाजूला ४०९६ पिक्सेल असलेले चित्र डिस्कवर लहान दिसले तरी ते उलगडले की स्मृतीत ६४ मेगाबाइट जागा घेते. तेच १०२४ पिक्सेलचे केले तर ४ मेगाबाइटमध्ये भागते. स्टुलाच्या कापडाला मोठ्या चित्राची गरज नसते.

आतले लेयर आणि रेषा. बाहेरून आलेली वस्तू स्वतःचे लेयर, मटेरियल आणि रेषांचे प्रकार सोबत घेऊन येते. ऑटोकॅडच्या ब्लॉकमधील रेषा शून्य नावाच्या लेयरवर आणि त्यांचा रंग लेयरप्रमाणे ठेवलेला असावा. म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्याचेच गुण तो घेतो. स्केचअपमध्ये आतल्या कडा व पृष्ठे यांना कोणताही टॅग देऊ नये, टॅग फक्त बाहेरच्या कंपोनंटला द्यावा. हा नियम मोडला की टॅग बंद केल्यावर खुर्चीची पाठ नाहीशी होते आणि पाय मात्र दिसत राहतात. रेव्हिटच्या फॅमिलीत ऑटोकॅडची फाइल आयात करून तशीच ठेवू नये, कारण त्या फाइलचे सर्व लेयर प्रकल्पाच्या ऑब्जेक्ट स्टाइलमध्ये जाऊन बसतात. ती एक्सप्लोड केली, म्हणजे सुट्या रेषांत फोडली, तर रेषांचे अनोळखी प्रकार त्यात आणखी मिसळतात. आयात केलेल्या रेखाटनावरून आपले आकार काढून घ्यावेत आणि मग ते रेखाटन पुसून टाकावे.

पृष्ठांची दिशा. स्केचअपमध्ये प्रत्येक पृष्ठाला पुढची आणि मागची बाजू असते. बाहेर मागची बाजू आलेली असेल तर काही रेंडर सॉफ्टवेअरमध्ये ते पृष्ठ काळे दिसते किंवा दिसतच नाही. मोनोक्रोम पद्धतीने पाहिल्यास उलटी पृष्ठे लगेच ओळखू येतात.

तपासणी : पाचही गोष्टी झाल्यावर न वापरलेले घटक पर्ज करा, म्हणजे फाइलमधून काढून टाका, वस्तू ठरलेल्या नावाने लायब्ररीच्या फोल्डरमध्ये जतन करा आणि ती पुन्हा एका वेगळ्या रिकाम्या फाइलमध्ये आणून बघा. दुसऱ्यांदा आणताना ती योग्य मापात, योग्य बिंदूवर उतरली तरच काम झाले असे समजा.

## टप्पा ५ : वर्ग आणि माहिती भरा

वस्तूचा वर्ग चुकला की पुढचे बरेच काही चुकते, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही. जेनेरिक मॉडेल या वर्गात ठेवलेला सोफा दिसायला सोफाच असतो, पण फर्निचरच्या यादीत तो येत नाही, फर्निचर लपवल्यावर तो लपत नाही, आणि मॉडेल आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याचे सामायिक स्वरूप) स्वरूपात बाहेर दिले तर समोरच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फर्निचर म्हणून न पोहोचता बहुधा अनामिक घटक म्हणून पोहोचतो. रेव्हिटमध्ये हलत्या वस्तूंसाठी फर्निचर आणि ओट्याखालची किंवा भिंतीतील कपाटे यांसाठी केसवर्क हा वर्ग आहे. या दोहोंत एक व्यावहारिक फरक आहे: केसवर्क वर्गातील वस्तू सेक्शनमध्ये कापली जाते, फर्निचर वर्गातील वस्तू कापली जात नाही, ती पूर्णच दिसते. ओट्याखालच्या कपाटाचा कापलेला छेद हवा असेल तर ते फर्निचर वर्गात ठेवून कधीच मिळणार नाही.

यानंतर कोणते माप प्रकाराशी बांधायचे आणि कोणते एका-एका वस्तूशी, हे ठरवावे. बाजारात ठरावीक मापांतच मिळणाऱ्या टेबलाची लांबी टाइप पॅरामीटर असावी. मग १२००, १५०० आणि १८०० मिलिमीटर असे तीन प्रकार तयार होतात आणि कोणी चुकून १४३० मिलिमीटरचे टेबल ठेवू शकत नाही. जागेनुसार कापून बनवल्या जाणाऱ्या फळीची लांबी मात्र इन्स्टन्स पॅरामीटर असणे योग्य. सगळीच मापे इन्स्टन्स ठेवण्याची सवय सोयीची वाटते, पण मग मोजणीत एकाच टेबलाच्या वीस ओळी निघतात.

नाव देताना वस्तू, प्रकार आणि माप हा क्रम ठेवावा, जसे ‘टेबल-कार्यालयीन-१५००×७५०’. ‘नवीन टेबल’ आणि ‘नवीन टेबल अंतिम’ ही नावे दोन आठवड्यांनी ज्याने दिली त्यालाही ओळखता येत नाहीत.

## टप्पा ६ : वस्तू कशाच्या आधारावर राहणार, ते ठरवा

जमिनीवर उभ्या राहणाऱ्या वस्तू लेव्हलवर ठेवाव्यात. भिंतीवर टांगलेले कपाट, आरसा, वॉश बेसिन किंवा छताचा दिवा यांना आधार लागतो आणि इथे रेव्हिटमध्ये दोन पर्याय समोर येतात. भिंतीवर आधारलेली फॅमिली फक्त भिंतीवरच बसते आणि भिंत पुसली की तीही पुसली जाते. पृष्ठावर आधारलेली फॅमिली कोणत्याही पृष्ठावर बसते, आणि आधार गेला तरी ती जागेवर राहते, फक्त तिचा संबंध तुटतो.

यातील पहिला पर्याय सुरक्षित वाटतो, पण ज्या प्रकल्पात भिंती एका फाइलमध्ये आणि अंतर्गत सजावट दुसऱ्या फाइलमध्ये असते, तिथे तो चालतच नाही, कारण लिंक केलेल्या मॉडेलमधील भिंतीवर भिंत-आधारित फॅमिली बसत नाही. पृष्ठ-आधारित फॅमिली बसते. शिवाय फॅमिलीचा आधाराचा प्रकार नंतर सहज बदलता येत नाही, वस्तू नव्याने करावी लागते. त्यामुळे फाइल विभागल्या जाण्याची थोडीही शक्यता असेल, तर आरंभापासून पृष्ठ-आधारित वस्तूच वापराव्यात. नुसते भिंतीला टेकणारे पण जमिनीवर उभे असणारे कपाट असेल, तर त्याला भिंतीचा आधार देऊ नये. ते लेव्हलवर ठेवून भिंतीशी अलाइन करावे.

स्केचअपमध्ये हेच काम कंपोनंट तयार करताना दिलेल्या ‘ग्लू’ सेटिंगने होते: आडव्या, उभ्या, उतरत्या की कोणत्याही पृष्ठाला कंपोनंट चिकटावा, हे तिथे निवडता येते. तिथेच असलेला भोक पाडण्याचा पर्याय सिंक किंवा खिडकीसाठी उपयोगी आहे, पण तो ज्या पृष्ठावर कंपोनंट चिकटला त्या एकाच पृष्ठाला भोक पाडतो. जाडी असलेल्या ओट्याच्या खालच्या पृष्ठाला पडत नाही.

## टप्पा ७ : प्रकल्पात आणा आणि ठेवा

ठेवण्याचा क्रम असा असावा: आधी स्थिर वस्तू आणि स्वच्छतागृहातील साधने, मग मोठे हलते फर्निचर, मग खुर्च्या आणि लहान वस्तू. स्थिर वस्तूंनी उरलेली जागा ठरते, आणि तिच्यात मोठे फर्निचर बसत नसेल तर ते लहान वस्तू ठेवण्याआधीच कळायला हवे.

एका खोलीत सर्व वस्तू ठेवून ती खोली प्लॅन, सेक्शन आणि मोजणी या तिन्ही ठिकाणी तपासावी, आणि ती निर्दोष ठरल्यावरच इतर खोल्यांत प्रती कराव्यात. हा नियम सगळ्यांना पटतो, तरी वेळ कमी असला की सर्वांत आधी तोच गळतो. आणि एका खोलीतली चूक चाळीस खोल्यांत जाऊन बसते.

जागा पुरते की नाही हे केवळ वस्तूच्या कडेवरून ठरवू नये. खुर्ची मागे ओढायला, कपाटाचे दार उघडायला, पलंगाच्या बाजूने चालायला जी जागा लागते ती वस्तूच्या आतच तुटक रेषांनी दाखवावी आणि त्या रेषांना वेगळी उपश्रेणी किंवा लेयर द्यावा, म्हणजे छपाईच्या वेळी त्या बंद करता येतात. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत किमान ७५० मिलिमीटर आणि मागून कोणी जाणार असेल तर त्याहून अधिक जागा धरावी. चाकाची खुर्ची वळवण्यासाठी साधारण १५०० मिलिमीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. ते वर्तुळ हीच एक वस्तू करून खोलीत ठेवून पाहिले, तर दुमत राहत नाही.

आरशातल्यासारखी प्रत करताना थांबून विचार करावा. समोरासमोरच्या दोन खोल्या एकमेकींचे प्रतिबिंब असल्या, तरी उजवीकडे खण असलेल्या टेबलाची प्रतिबिंबित प्रत म्हणजे डावीकडे खण असलेले टेबल होते, आणि ते उत्पादक बनवतो का, हा वेगळा प्रश्न आहे. अशा वस्तूंसाठी डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र प्रकार करावेत, आणि मिरर न वापरता वस्तू फिरवून ठेवावी. रेव्हिटमध्ये ठेवताना स्पेसबार दाबला की वस्तू ९० अंशांनी फिरते.

सावधान : सुधारलेली फॅमिली प्रकल्पात पुन्हा आणताना रेव्हिट दोन पर्याय देते. पहिला केवळ जुनी आवृत्ती बदलतो. दुसरा तिच्यासोबत पॅरामीटरची मूल्येही बदलतो. प्रकल्पात कोणी प्रकारांची मापे किंवा किमती भरल्या असतील, तर दुसरा पर्याय निवडताच त्या पुसल्या जातात.

स्केचअपमध्ये उलट बाजूची चूक होते: एका खोलीतील कंपोनंट बदलला की सगळीकडचा बदलतो. फक्त एकच बदलायचा असेल तर आधी ‘मेक युनिक’ करावे, आणि अशा वेगळ्या केलेल्या कंपोनंटला लगेच स्वतःचे नाव द्यावे.

## टप्पा ८ : प्लॅनमध्ये वस्तू का दिसत नाही, ते क्रमाने शोधा

कपाट प्लॅनमध्ये दिसत नाही म्हणून ते पुन्हा ठेवले जाते, आणि मग एका जागी दोन कपाटे बसतात. म्हणून वस्तू दिसत नसेल तर आधी त्रिमित दृश्यात ती आहे का ते पाहावे. असेल तर दोष दृश्याचा आहे. रेव्हिटमध्ये प्लॅनचे कट प्लेन, म्हणजे ज्या आडव्या पातळीवर मॉडेल कापून प्लॅन दिसतो ती, मेट्रिक टेम्प्लेटमध्ये मुळात लेव्हलपासून १२०० मिलिमीटरवर असते. त्याच्या वर टांगलेले फर्निचर प्लॅनमध्ये दिसत नाही. केसवर्क, खिडक्या आणि जेनेरिक मॉडेल हे वर्ग याला अपवाद आहेत: ते कट प्लेनच्या वर असले तरी व्ह्यू रेंजच्या (प्लॅनमध्ये दाखवायच्या उंचीच्या पट्ट्याच्या) माथ्याखाली येत असतील तर दिसतात. टांगलेली कपाटे केसवर्कमध्ये ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

कट प्लेन ठीक असेल तर वर्गाची दृश्यता, मग तपशिलाची पातळी, मग फेज (बांधकामाचा टप्पा) आणि शेवटी वर्कसेट, या क्रमाने पाहावे. तपशिलाची पातळी इथे विसरली जाते: फॅमिलीतील त्रिमित आकार फक्त ‘फाइन’ पातळीसाठी ठेवला असेल आणि ‘कोर्स’ पातळीसाठी रेषांचे चिन्ह काढलेच नसेल, तर कमी तपशिलाच्या प्लॅनमध्ये ती जागा कोरी दिसते. मोठ्या प्रकल्पात त्रिमित आकार प्लॅनमध्ये लपवून त्याच्या जागी चार-सहा रेषांचे चिन्ह आणि त्याखाली मास्किंग रीजन, म्हणजे मागच्या रेषा झाकणारा कोरा भाग, ठेवणे सर्वांत चांगले. छपाई स्वच्छ येते आणि दृश्यही लवकर उघडते. आर्किकॅडमध्ये मात्र ऑब्जेक्ट कोणत्या मजल्यांवर दाखवायचा ही सेटिंग प्रथम पाहावी.

## टप्पा ९ : मोजणी पडताळा

फर्निचरचे शेड्यूल, म्हणजे वस्तूंच्या मोजणीची यादी, काढावे आणि त्यात खोलीचा रकाना घ्यावा. ज्या ओळींत खोली कोरी आहे त्या वस्तूंचा बिंदू भिंतीत, खोलीच्या बाहेर किंवा चुकीच्या लेव्हलवर आहे. भिंतीत बसणाऱ्या वस्तूंसाठी फॅमिलीत रूम कॅल्क्युलेशन पॉइंट चालू करून तो बिंदू खोलीच्या आत ओढता येतो.

टेबल आणि सहा खुर्च्या एकत्र असलेल्या संचात वेगळी अडचण येते. खुर्ची टेबलाच्या फॅमिलीत नेस्ट केलेली, म्हणजे तिच्या आत बसवलेली, असेल आणि तिच्या फॅमिलीत ‘शेअर्ड’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर शेड्यूल एकच वस्तू मोजते आणि सहा खुर्च्या यादीबाहेर राहतात. दहा टेबले असतील तर साठ खुर्च्या कमी पडतात, आणि ही चूक खरेदीच्या दिवशी उघड होते. म्हणून एका खोलीतील वस्तू हाताने मोजून तो आकडा शेड्यूलशी ताडावा.

एकावर एक पडलेल्या दोन वस्तूही इथेच सापडतात. एकाच जागी दोन समान वस्तू आल्या तर रेव्हिट इशारा देते, पण तो बंद केला की विसरला जातो. इशाऱ्यांची यादी उघडून असे इशारे आधी मिटवावेत.

## टप्पा १० : साफ करा आणि दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा

मॉडेलमधून पुसलेली वस्तू फाइलमधून गेलेली नसते. स्केचअपमध्ये तिची व्याख्या कंपोनंटच्या यादीत राहते आणि रेव्हिटमध्ये फॅमिली लोड झालेलीच राहते. न वापरलेले घटक पर्ज करावेत, आणि एकदा केल्यावर पुन्हा एकदा करावे, कारण वस्तू गेल्यावरच तिच्यातील मटेरियल मोकळे होते. मात्र पुढच्या मजल्यांसाठी आणून ठेवलेल्या पण अजून न वापरलेल्या वस्तूही यात जातात, हे आधी पाहून घ्यावे. ऑटोकॅडमध्ये पर्जनंतर ऑडिट, म्हणजे फाइलमधील दोषांची तपासणी, हीही चालवावी.

आता फाइलचा आकार दुसऱ्या टप्प्यात लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडावा. वाढ अपेक्षेपेक्षा फार जास्त असेल, तर फॅमिली वेगळ्या जतन करून आकाराप्रमाणे लावाव्यात. बहुतेक वेळा सगळे वजन दोन-तीन वस्तूंतच साठलेले सापडते, आणि त्या चौथ्या टप्प्यातून पुन्हा काढाव्या लागतात.

शेवटी फाइल अशा संगणकावर उघडावी ज्यावर तुमचे लायब्ररीचे फोल्डर जोडलेले नाही. टेक्स्चर हरवली, ऑब्जेक्टच्या जागी ठिपके आले किंवा एखादी लिंक सापडली नाही, तर ती कोणत्या मार्गाने जोडली होती ते तिथेच नोंदवून घ्यावे, आणि तेवढ्या वस्तू फाइलसोबत बांधून मगच मॉडेल पुढे द्यावे.